डीएनए विधेयक मागे घेतलं, पण नमुने घेणं सुरूच आहे: सरकारी डीएनए डेटाबेसचं नेमकं काय चाललंय?

२४ जुलै २०२३. लोकसभेत मणिपूरच्या मुद्द्यावरून गदारोळ सुरू होता. त्या गोंधळातच केंद्र सरकारने एक विधेयक मागे घेतलं. त्याचं नाव 'डीएनए तंत्रज्ञान (वापर आणि उपयोजन) नियमन विधेयक, २०१९'. ना त्याची ब्रेकिंग न्यूज झाली, ना कुठे ट्रेंड दिसला.

विधेयक गेलं म्हणजे सरकारी डीएनए बँकेचा विषय संपला, असं कुणालाही वाटेल. तसं झालेलं नाही. त्याच्या वर्षभर आधी, ऑगस्ट २०२२ मध्ये, 'गुन्हेगारी प्रक्रिया (ओळख) कायदा' लागू झाला होता. अटक झालेल्या व्यक्तीचे जैविक नमुने घ्यायचे, त्यांचं विश्लेषण करायचं आणि ती नोंद ७५ वर्षं जपून ठेवायची, एवढी मुभा या कायद्याने दिली आहे.

म्हणजे नमुने गोळा करण्याचा अधिकार आला आणि त्यावर देखरेख ठेवणारं मंडळ मात्र विधेयकाबरोबर गेलं. याचा परिणाम कुणावर होतो, हे समजून घ्यायचं तर आधी डीएनए डेटाबेस कसा चालतो ते बघू.

जुळवणी वेगळी, शोध वेगळा

'डीएनएमुळे गुन्ह्याचा छडा लागला' अशी बातमी आपण नेहमी वाचतो. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली गोष्ट जुळवणीची. वसईच्या एका तरुणीचा दिल्लीत खून झाल्याचं प्रकरण २०२२ मध्ये देशभर गाजलं. मेहरौलीच्या जंगलात सापडलेली हाडं तिचीच आहेत का, हे पोलिसांनी तिच्या वडिलांच्या डीएनएवरून तपासलं आणि तो जुळला. २०१२ च्या दिल्ली सामूहिक बलात्कार खटल्यातही आरोपींचे नमुने आणि घटनास्थळावरचे नमुने जुळवले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या निकालात हा पुरावा महत्त्वाचा मानला. या दोन्ही ठिकाणी पोलिसांना नमुना कुणाशी ताडून बघायचा हे आधीच ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट शोधाची. घटनास्थळी रक्ताचा डाग मिळालाय, पण संशयित कुणीच नाही. अशा वेळी त्या डागाचा डीएनए लाखो लोकांच्या साठवलेल्या नोंदींमध्ये टाकून कुणाशी जुळतो का ते बघायचं. त्यासाठी डेटाबेस लागतो. आपल्याकडे आजवर बहुतेक काम जुळवणीचं झालं आहे. सरकारला आता शोधाकडे जायचं आहे.

सुरुवात कुठून झाली?

इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डीएनएवरून व्यक्ती ओळखण्याची पद्धत शोधली. त्याच परिसरात १९८३ आणि १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींवर बलात्कार करून त्यांचा खून झाला होता. १७ वर्षांच्या एका मुलाने त्यातल्या एका खुनाची कबुलीही दिली होती. डीएनए तपासल्यावर दोन गोष्टी कळल्या. दोन्ही गुन्हे एकाच माणसाने केले होते आणि तो माणूस हा मुलगा नव्हता. डीएनएने पहिल्याच मोठ्या प्रकरणात एका निर्दोष मुलाला वाचवलं, हे सहसा कुणी सांगत नाही.

मग पोलिसांनी आसपासच्या गावांतल्या हजारो पुरुषांचे नमुने घेतले. खरा गुन्हेगार, कॉलिन पिचफोर्क, त्यातूनही निसटला, कारण त्याने आपल्या जागी एका सहकाऱ्याला नमुना द्यायला पाठवलं होतं. तो सहकारी पबमध्ये बोलून गेला आणि १९८७ मध्ये पिचफोर्क पकडला गेला. १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

प्रत्येक वेळी अख्ख्या गावाचे नमुने घेणं शक्य नसतं. म्हणून १९९५ मध्ये ब्रिटनने राष्ट्रीय डीएनए डेटाबेस सुरू केला. जगातला हा अशा प्रकारचा पहिला डेटाबेस. अमेरिकेत एफबीआयच्या 'कोडिस' या यंत्रणेची देशपातळीवरची बँक १९९८ मध्ये सुरू झाली.

याचा फायदा खरा आहे. अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात २००९ मध्ये मारहाणीच्या आरोपाखाली एकाला अटक झाली. नियमाप्रमाणे त्याच्या गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने नमुना घेतला, तर तो २००३ मधल्या एका न उलगडलेल्या बलात्काराशी जुळला. अटक होताच असा नमुना घेणं योग्य आहे का, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१३ मध्ये न्यायालयाने पोलिसांच्या बाजूने निकाल दिला, पण ५ विरुद्ध ४ अशा काठावरच्या बहुमताने.

डेटाबेसमध्ये नेमकं काय साठवतात?

दोन माणसांचा डीएनए जवळपास ९९.९ टक्के सारखा असतो. फरक उरलेल्या भागात असतो. डीएनएमध्ये काही ठराविक जागा अशा असतात, जिथे अक्षरांचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. समजा, एका जागी तुमच्याकडे तो तुकडा एका संचात ९ वेळा आणि दुसऱ्या संचात १२ वेळा आलाय. एक संच आईकडून आलेला, दुसरा वडिलांकडून. अशा २० च्या आसपास जागांवरचे आकडे लिहिले की जी यादी तयार होते, तिला डीएनए प्रोफाइल म्हणतात. सख्खी जुळी भावंडं सोडली, तर दोन माणसांची अख्खी यादी जुळण्याची शक्यता नगण्य असते.

डेटाबेसमध्ये ही आकड्यांची यादी जाते. त्यावरून तुमचे आजार सहसा कळत नाहीत. पण नातं कळतं. बाप-लेक, सख्खे भाऊ यांचे आकडे एकमेकांच्या जवळ जातात. म्हणजे डेटाबेसमध्ये एक माणूस आला की त्याचं घरही थोडंफार आत येतं.

आणि रक्ताचा किंवा लाळेचा मूळ नमुना ही आणखी वेगळी गोष्ट. प्रोफाइल म्हणजे आकडे, पण नमुन्यात तुमचा संपूर्ण डीएनए असतो. तो उद्या पुन्हा काढून, आज माहीतही नसलेली चाचणी त्यावर करता येते. त्यामुळे 'डीएनए साठवणार' असं कुणी म्हटलं की आधी विचारायचं: प्रोफाइल साठवणार की नमुनाही?

मागे घेतलेल्या विधेयकात काय होतं?

हे विधेयक जानेवारी २०१९ मध्ये लोकसभेत एकदा मंजूर झालं होतं, पण राज्यसभेत अडकलं आणि लोकसभेची मुदत संपल्यावर रद्द झालं. जुलै २०१९ मध्ये ते पुन्हा मांडलं गेलं आणि संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं. जयराम रमेश तिचे अध्यक्ष होते. समितीचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये आला.

विधेयकात राष्ट्रीय आणि प्रादेशिक डीएनए बँकांची तरतूद होती. प्रत्येक बँकेत पाच याद्या असणार होत्या:

- घटनास्थळी सापडलेले नमुने
- संशयित आणि कच्चे कैदी
- दोषी ठरलेले गुन्हेगार
- हरवलेल्या व्यक्ती
- ओळख न पटलेले मृतदेह

डीएनए नियामक मंडळ असणार होतं. त्याच्या मान्यतेशिवाय कोणत्याही प्रयोगशाळेला डीएनए तपासणी करता येणार नव्हती. माहिती फोडणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होता.

विधेयकावर टीकाही जोरदार झाली आणि ती रास्त होती. संशयितांची यादी ठेवायचीच कशाला? पितृत्वाच्या वादासारखी दिवाणी प्रकरणं यात कशाला घुसवली? डेटा संरक्षणाचा कायदा नसताना एवढी संवेदनशील माहिती साठवायची का? असदुद्दीन ओवैसी आणि बिनॉय विश्वम या समितीतल्या दोन खासदारांनी असहमतीची टिपणं जोडली. दलित, आदिवासी आणि मुस्लिमांविरुद्ध याचा वापर होईल, ही त्यातली मुख्य भीती होती.

आणि २०२२ च्या कायद्यात काय आहे?

हा कायदा १९२० च्या ब्रिटिशकालीन कैदी ओळख कायद्याच्या जागी आला. जुन्या कायद्यात बोटांचे आणि पायांचे ठसे, मोजमापं आणि फोटो एवढंच होतं. नव्या कायद्यात डोळ्यांचं स्कॅन, सही, हस्ताक्षर यांच्याबरोबर 'शारीरिक, जैविक नमुने आणि त्यांचं विश्लेषण' हे शब्द आले. 'डीएनए' हा शब्द या कायद्यात थेट नाही. पण वैद्यकीय तपासणीच्या ज्या जुन्या कलमांचा तो हवाला देतो, त्यांत डीएनए प्रोफाइलिंगचा स्पष्ट उल्लेख आहे.

महत्त्वाच्या तरतुदी अशा:

- दोषी ठरलेले, अटक झालेले आणि प्रतिबंधात्मक कायद्याखाली स्थानबद्ध केलेले, सगळे यात येतात.
- नोंदी राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाकडे, म्हणजे एनसीआरबीकडे, ७५ वर्षं राहतात.
- पूर्वी हा अधिकार साधारणपणे फौजदार किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्याला होता. आता हेड कॉन्स्टेबललाही आहे.
- गुन्हा महिला किंवा बालकाविरुद्धचा नसेल आणि त्याला ७ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा नसेल, तर अटक झालेली व्यक्ती जैविक नमुना द्यायला नकार देऊ शकते. मात्र तपासासाठी गरज वाटली तर दंडाधिकारी कुणालाही मोजमापं देण्याचा आदेश देऊ शकतात.
- आधी शिक्षा न झालेली व्यक्ती खटल्याविना सुटली, आरोपमुक्त झाली किंवा निर्दोष ठरली, तर सगळी अपिलं संपल्यावर नोंद नष्ट करायची. पण न्यायालयाने कारण नोंदवून तसं न करण्याचा आदेश दिला, तर नोंद राहते.

शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. आपल्याकडे खटला संपायला किती वर्षं लागतात, हे वेगळं सांगायला नको. 'सगळी अपिलं संपल्यावर' म्हणजे निर्दोष माणसाची नोंदही कित्येक वर्षं डेटाबेसमध्ये राहू शकते.

आपला नमुना देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नाही का? हा प्रश्न जुना आहे. १९६१ मध्ये 'मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणं म्हणजे साक्ष देणं नव्हे. सरकारचा युक्तिवाद आजही त्यावर उभा आहे. पण २०१७ च्या पुट्टास्वामी निकालानंतर खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यात हस्तक्षेप करायचा तर कायदा हवा, हेतू योग्य हवा आणि उपाय गरजेपुरताच हवा. ७५ वर्षं ही गरजेपुरती मुदत आहे का, हा खरा घटनात्मक प्रश्न आहे.

'डीएनए जुळला' म्हणजे गुन्हा सिद्ध झाला?

नाही. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण जर्मनीतलं. २००७ मध्ये हाइलब्रॉन शहरात एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथे सापडलेला अनोळखी स्त्रीचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या सुमारे ४० गुन्ह्यांच्या ठिकाणी मिळाला होता. खून, दरोडे, किरकोळ चोऱ्या, सगळीकडे तीच बाई! पोलिसांनी तिच्यावर मोठं बक्षीस लावलं. २००९ मध्ये उलगडा झाला. नमुने गोळा करायला वापरलेले कापसाचे बोळेच दूषित होते. तो डीएनए बोळ्यांच्या पॅकिंगचं काम करणाऱ्या महिलेचा होता.

प्रयोगशाळेतलं यंत्र बरोबर होतं. चूक त्याच्या आधीच्या पायरीवर झाली होती. आपल्याकडे न्यायालयांना नेमकी हीच पायरी खटकते आहे.

दिल्लीतल्या छावला प्रकरणात खालच्या दोन न्यायालयांनी तिघांना फाशी सुनावली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघांनाही सोडलं. नमुने प्रयोगशाळेत जाण्याआधी पोलीस ठाण्याच्या मुद्देमालात पडून होते, त्यामुळे छेडछाडीची शंका दूर होत नाही, हा त्यातला एक मुद्दा होता. एका तरुणीच्या आई-वडिलांना दहा वर्षांनंतर तिला कुणी मारलं याचं उत्तर मिळालं नाही.

जुलै २०२५ मध्येही असंच घडलं. तामिळनाडूच्या थेनी जिल्ह्यातल्या २०११ च्या दुहेरी खुनात फाशी झालेल्या आरोपीला सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. डीएनए नमुन्यांच्या हाताळणीतल्या गंभीर त्रुटी निकालात नोंदवल्या आणि देशभरासाठी निर्देश दिले. नमुना कुणी, कधी, कुणाकडे दिला याची नोंदवही ठेवायची. नमुना ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवायचा. खटला सुरू असताना न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडायचं नाही.

नोंदवही ठेवा, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला २०२५ साल उजाडावं लागलं. विधेयकातलं नियामक मंडळ असतं तर सगळं सुरळीत झालं असतं, असं म्हणता येणार नाही. पण हे काम कुणाचं, याला निदान एक पत्ता असता.

त्यातच १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. ७ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं ती बंधनकारक करते. राज्यांना तयारीसाठी ५ वर्षांची मुदत आहे. महाराष्ट्रात हा भार मुंबईतल्या कलिना इथल्या मुख्य न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेवर आणि नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर इथल्या प्रयोगशाळांवर येणार. कोर्टाच्या आवारात 'सीए रिपोर्ट आला का?' हा प्रश्न ज्याने ऐकलाय, त्याला हा भार काय आहे ते कळेल.

यादीत कोण जास्त दिसणार?

डेटाबेस अटकेवर भरत असेल, तर ज्यांना पोलीस जास्त पकडतात तेच त्यात जास्त दिसणार. ब्रिटनमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांचं प्रमाण लोकसंख्येच्या तुलनेत जास्त असल्याची टीका वर्षानुवर्षं होत आली आहे.

महाराष्ट्राला हे समजायला ब्रिटनला जायची गरज नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का पुसला गेला, म्हणून आपण तो विमुक्त दिन मानतो. पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आजही आधी पारध्यांच्या पालावर जाते, ही तक्रार थांबलेली नाही. वस्तीतल्या दहा पोरांना उचललं, नमुने घेतले, नंतर सोडून दिलं, तरी नोंदी राहिल्या तर? पुढच्या वेळी शोध त्याच नोंदींपासून सुरू होणार. आणि प्रोफाइलमधून नातं कळत असल्याने त्यांचे भाऊ आणि मुलंही त्या शोधाच्या टप्प्यात येणार.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेला. २००१ मध्ये ११ वर्षांच्या एका मुलाला दरोड्याच्या प्रयत्नाच्या आरोपाखाली अटक झाली आणि तो निर्दोष सुटला. तरी पोलिसांनी त्याचा डीएनए ठेवला. डिसेंबर २००८ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितलं की निर्दोष लोकांचा डीएनए असा सरसकट ठेवणं खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग आहे. त्यानंतर ब्रिटनने २०१२ मध्ये नवा कायदा केला आणि १७ लाखांहून जास्त प्रोफाइल काढून टाकली. साठवलेले ७० लाखांहून जास्त मूळ नमुनेही नष्ट केले. डेटाबेस मात्र बंद पडला नाही, तो आजही वापरात आहे.

हरवलेल्या माणसांचं काय?

या सगळ्यात सर्वांत कमी बोललं गेलेलं नुकसान इथे आहे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ अशा २६० जणांचा मृत्यू झाला. मृतांची ओळख मुख्यतः नातेवाइकांच्या डीएनएवरून पटली. हे शक्य झालं, कारण प्रवाशांची यादी होती आणि नातेवाईक दवाखान्याच्या दारात उभे होते.

पण मुंबई लोकलच्या रुळांवर सापडलेल्या बेवारस मृतदेहाचं काय? पेपरात 'ओळख पटल्यास संपर्क साधावा' अशी चौकट येते आणि काही दिवसांनी अंत्यसंस्कार होतात. त्या माणसाचं घर बिहारमध्ये असेल किंवा बीडमध्ये. तिथल्या पोलीस ठाण्यात 'मिसिंग'ची तक्रार पडून असते आणि आई वाट बघत असते. दोन्ही नमुने एका बँकेत असते, तर संगणकाने ते जुळवले असते.

लोकनीती फाउंडेशनने २०१२ मध्ये नेमकी ही मागणी घेऊन सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. विधेयक आणतो, असं केंद्राने २०१८ मध्ये न्यायालयाला सांगितलं. ते विधेयक आलं आणि मागेही गेलं. २०२२ चा कायदा हरवलेल्यांसाठी नाही. तो आरोपी आणि गुन्हेगारांसाठी आहे.

आता काय बघायचं?

डीएनएचा तपासात वापर होणारच आणि व्हायलाही हवा. न उलगडलेल्या बलात्काराच्या केसमध्ये पीडितेला त्यातूनच न्याय मिळू शकतो आणि खोट्या आरोपात अडकलेल्याची सुटकाही. मात्र यापुढे सरकारकडून घोषणा आली, की हे चार प्रश्न विचारायला हवेत:

१. प्रयोगशाळांची तपासणी करणारी, पोलिसांपासून स्वतंत्र अशी संस्था कोणती?

२. निर्दोष सुटलेल्याची नोंद नष्ट झाली, हे त्याला कळवणार कोण आणि किती दिवसांत?

३. प्रोफाइल काढल्यावर मूळ नमुना नष्ट होणार का?

४. हरवलेल्या व्यक्ती आणि बेवारस मृतदेहांसाठी, गुन्हेगारांच्या यादीपासून वेगळी बँक कधी होणार?

ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेला डेटा संरक्षण कायदा यात फारसा कामाला येत नाही, कारण गुन्ह्यांच्या तपासासाठी त्यात सवलत आहे. म्हणजे या चार प्रश्नांची उत्तरं डीएनएसाठीच्या वेगळ्या कायद्यातूनच यावी लागतील. तसं विधेयक सध्या संसदेपुढे नाही. नमुन्यांची पाकिटं मात्र रोज प्रयोगशाळांकडे जात आहेत.